चिमूटभर भस्माची परीक्षा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आठवडी बाजारात जडीबुटी मांडून बसलेला एखादा फिरता विक्रेता कागदाच्या पुडीत तांबूस चूर्ण बांधून देतो आणि सांगतो, "हे भस्म आहे, मधातून घ्या, अशक्तपणा जाईल." पुडीवर नाव नसते, तारीख नसते, बनविणाऱ्याचा पत्ता नसतो. दुसरीकडे, परवाना घेतलेल्या औषधशाळेत नोंदवहीतील नोंदींसह सिद्ध झालेले आणि वैद्यांनी रुग्णाची प्रकृती पाहून, मात्रा ठरवून दिलेले भस्मही असते. दोहोंना नाव एकच. रंग, रूप व स्पर्श यांतही सामान्य माणसाला भेद दिसत नाही. परंतु एक औषध असू शकते आणि दुसरे विष ठरू शकते. हा भेद कशाच्या आधारे करावयाचा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

भस्म म्हणजे राख नव्हे

व्यवहारात भस्म म्हणजे राख किंवा अंगारा असा अर्थ घेतला जातो. आयुर्वेदाच्या रसशास्त्र या शाखेत मात्र या शब्दाला निश्चित अर्थ आहे. धातू अथवा खनिज शुद्ध करून, वनस्पतींच्या रसात घोटून आणि पुन्हा पुन्हा अग्नी देऊन त्याचे जे अतिसूक्ष्म, चकाकी गेलेले चूर्ण तयार होते, ते भस्म होय. लाकूड जळून जे मागे राहते ती राख. धातूचे रूप पालटून जे सिद्ध केले जाते ते भस्म.

ही विद्या जुनी आहे. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात लोखंडाचे पातळ पत्रे तापवून लाल करावेत, ते त्रिफळ्याचा काढा, गोमूत्र इत्यादी द्रवांत विझवावेत व काजळासारखे होईपर्यंत ही क्रिया करावी, असे सांगितले आहे. पुढे मध्ययुगात रसशास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून वाढले. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात यंत्रे, मुशी, पुटे आणि परीक्षा यांचे तपशीलवार वर्णन आढळते. विसाव्या शतकात मुंबईत वास्तव्य करणारे आचार्य यादवजी त्रिकमजी यांनी 'रसामृत' हा ग्रंथ लिहून हे ज्ञान विद्यार्थ्यांसाठी सुबोध केले. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधांच्या गुणधर्मांचे विवेचन मराठीत आणले.

लोखंडाचा प्रवास

भस्म कसे बनते हे समजण्यास लोहभस्माचे उदाहरण सोयीचे आहे. कामाचा पहिला टप्पा शोधनाचा. लोखंडाचे पातळ पत्रे किंवा कीस लाल होईपर्यंत तापवून तिळाचे तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा यांत क्रमाने विझवितात. प्रत्येक द्रवात ही क्रिया ग्रंथोक्त संख्येने, तीन किंवा सात वेळा, करावयाची असते. याखेरीज लोखंडासाठी त्रिफळ्याच्या काढ्यात विशेष शोधन सांगितले आहे. तापलेला पत्रा एकदम थंड झाला की त्याला तडे जातात, वरचा पापुद्रा सुटतो, आणि एरवी न वाकणारे लोखंड ठिसूळ होते. ताक, कांजी यांतील आम्लांचाही धातूवर परिणाम होतो. शोधन या शब्दात केवळ मळ काढणे नाही. पुढील क्रियेसाठी धातू तयार करणे हाही अर्थ त्यात आहे.

दुसरा टप्पा मारणाचा, म्हणजे धातूचे धातुपण नाहीसे करण्याचा. लोखंडासाठी येथे तीन पाक सांगितले आहेत. भानुपाकात त्रिफळ्याच्या काढ्यासह लोहचूर्ण उन्हात वाळवितात. स्थालीपाकात ते काढ्यासह भांड्यात आटवितात. नंतर पुटपाक. ज्यांनी सह्याद्रीच्या पट्ट्यात हिरडा पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा पडला तर पाणी काळे होते. हिरड्यातील तुरट द्रव्य लोखंडाशी संयोग पावते; जुन्या काळची शाई याच गुणावर होत असे. भानुपाकात व स्थालीपाकात हाच संयोग घडून येतो.

पुटपाकापूर्वी चूर्ण खलात घालून वनस्पतीच्या रसात किंवा काढ्यात तासन् तास घोटतात. याला भावना देणे म्हणतात. घोटलेल्या लगद्याच्या चपट्या वड्या करून वाळवितात, मातीच्या दोन परळांमध्ये ठेवतात आणि सांध्यावर कापडमातीचे थर देऊन तोंड बंद करतात. हे शरावसंपुट खड्ड्यात रानशेणींच्या मध्यभागी ठेवून अग्नी देतात. गजपुटासाठी सुमारे ९० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा वापरला जातो. आतील उष्णता वाढत जाऊन ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहूनही वर जाते आणि मग हळूहळू उतरते. संपुट आपोआप निवू द्यावयाचे असते. यासाठी ग्रंथांत 'स्वांगशीत' असा नेमका शब्द आहे. घाईने उघडलेले पुट चालत नाही.

एका पुटाने काम भागत नाही. पुन्हा घोटणे, पुन्हा वड्या, पुन्हा अग्नी असा क्रम चालू राहतो. लोखंडाचे चूर्ण काळ्याचे तपकिरी व तपकिरीचे तांबूस होत जाते. अभ्रकभस्माला शंभर पुटे दिली तर ते शतपुटी आणि हजार दिली तर सहस्रपुटी म्हणविले जाते. हजार पुटे म्हणजे कित्येक महिन्यांचे कष्ट. हे कष्ट चुकविण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना येथेच येते.

आज अनेक औषधशाळांतून खड्ड्याऐवजी विजेची भट्टी वापरली जाते. तिच्यात तापमान हवे तेवढे ठेवता येते व त्याची नोंद होते. मात्र शेणींच्या पुटातील चढ-उतार भट्टीतही साधला पाहिजे.

बोटाची साक्ष

भस्म सिद्ध झाले की नाही हे ठरविण्यासाठी पूर्वाचार्यांनी परीक्षा घालून दिल्या. अंगठा व तर्जनी यांत भस्म चोळले असता ते बोटांच्या रेषांत जाऊन बसले पाहिजे. ही रेखापूर्ण परीक्षा. स्थिर पाण्यावर सोडलेले भस्म तरंगले पाहिजे. ही वारितर परीक्षा. तरंगत्या थरावर धान्याचा दाणा अलगद ठेवला असता तोही बुडता कामा नये. उजेडात धरल्यास चकाकी दिसू नये. ही निश्चंद्र परीक्षा अभ्रकाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची. दाताखाली कचकच लागू नये. ताम्रभस्म दह्यात ठेवले असता दही हिरवे-निळे होऊ नये, कारण तो रंग भस्मातील कच्च्या तांब्याची चुगली करतो.

याहून कठीण अशा दोन परीक्षा आहेत. अपुनर्भव परीक्षेत गूळ, गुंज, मध, तूप व टाकणखार यांच्यासह भस्माला अग्नी देतात. तरीही मूळ धातू परत दिसता कामा नये. निरुत्थ परीक्षेत वजन केलेल्या चांदीसह भस्म तापवितात. चांदीचे वजन वाढले, तर भस्मात धातू मोकळा उरला आहे असे समजावयाचे. येथे तराजू आला. मोजणे, तुलना करणे व मगच निर्णय देणे ही शिस्त परक्या विज्ञानाने आणून दिली असे मानण्याचे कारण नाही. ती रसशास्त्राच्या घडणीतच आहे.

तथापि या परीक्षांच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. चूर्ण तरंगते ते कणांच्या सूक्ष्मतेमुळे आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे. शाळेत शिक्षक हा प्रयोग सहज करून दाखवू शकतील. परातीतील स्थिर पाण्यावर अंगाला लावावयाची पावडर भुरभुरली तर ती तरंगते आणि साबणाच्या पाण्याचा थेंब पडताच तो थर फाटतो. पावडर तरंगली म्हणून ती औषध ठरत नाही. वारितर परीक्षा चूर्ण बारीक आहे इतकेच सांगते. ते कशाचे आहे हे सांगत नाही. बोटाची साक्ष खरी आहे, पण ती अपुरी आहे.

यंत्राची साक्ष

उरलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळा देते. भस्मात कोणकोणती मूलद्रव्ये आहेत व प्रत्येकाचे प्रमाण किती, हे अणुशोषण वर्णपटमापकासारख्या उपकरणांनी कळते. दहा लाख भागांत एखादा भाग शिसे असले तरी ते या उपकरणांच्या नजरेतून सुटत नाही. ती मूलद्रव्ये कोणत्या संयुगाच्या रूपात आहेत, हे क्ष-किरण विवर्तनाने समजते. लोहभस्मात मुख्यत्वे लोखंडाची ऑक्साइडे आढळतात. कणांचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो.

या पद्धतींनी जुन्या क्रियांवर नवा प्रकाश पडला आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जसदभस्माचा, म्हणजे जस्ताच्या भस्माचा, अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या भस्मात जस्ताचे ऑक्साइड असून त्याचे काही कण अब्जांश मीटरच्या मापाचे, म्हणजे नॅनोकण, असल्याचे त्यांना आढळले. खल, काढा आणि अग्नी यांच्या साह्याने इतके सूक्ष्म कण मिळविता येतात, ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु कण सूक्ष्म आहेत याचा अर्थ ते निर्धोक आहेत असा होत नाही. सूक्ष्म कण शरीरात अधिक सहज पोहोचू शकतो; म्हणून त्याची सुरक्षितता अधिक काटेकोरपणे तपासली पाहिजे.

यंत्रालाही मर्यादा आहेत. घराच्या भिंतीला लावतात ती काव प्रामुख्याने लोखंडाच्या ऑक्साइडचीच असते. उत्तम लोहभस्म आणि बारीक वाटलेली काव यांतील मुख्य संयुग एकच असू शकते. शोधन झाले होते काय, भावना कोणत्या काढ्याची दिली, पुटे किती झाली, हे सारे केवळ मूलद्रव्य मोजून कळत नाही. यासाठी तिसरी साक्ष लागते. ती नोंदवहीची.

नोंदवहीची साक्ष

कच्चा माल कोठून आला, त्याची परीक्षा कोणी केली, किती वजन घेतले, किती पुटे दिली, प्रत्येक पुटानंतर वजन किती भरले आणि अखेरीस प्रयोगशाळेचा अहवाल काय आला, या बाबी प्रत्येक घाण्यासाठी वेगळ्या लिहून ठेवल्या, तरच त्या भस्माला जन्माचा दाखला मिळतो. डबीवर छापलेला बॅच क्रमांक हा त्या दाखल्याचा क्रमांक होय.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनाला स्वतंत्र तरतुदी लागू झाल्या. औषधशाळेची जागा, यंत्रसामग्री, स्वच्छता व नोंदी कशा असाव्यात, हे २००० साली आलेल्या अनुसूची 'टी' मध्ये सांगितले आहे. विषारी द्रव्यांची यादी अनुसूची 'ई-१' मध्ये असून अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा आशयाची सूचना ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या कामी अन्न व औषध प्रशासन लक्ष घालते. आपल्याच रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यांना उत्पादन परवान्यातून कायद्याने सूट आहे. परंतु ती सूट वैद्य व त्याचा रुग्ण यांच्यापुरती आहे. बाजारात पुड्या विकणाऱ्यास ती लागू होत नाही.

जेथे विशेष सावधगिरी हवी

सर्व धातू सारखे नाहीत. लोखंड व जस्त यांची शरीराला अल्प प्रमाणात गरज असते, जरी त्यांचाही अतिरेक घातकच. शिसे, पारा व सोमल यांची गोष्ट वेगळी आहे. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, थकवा ही शिसे भिनल्याची लक्षणे होत. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि गर्भवतीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते.

नागभस्म हे शिशाचे भस्म होय. ते अपुनर्भव परीक्षेला उतरले, म्हणजे त्यात शिसे मोकळ्या धातूच्या रूपात नाही इतके सिद्ध झाले. पण संयुगातील शिसे हे शिसेच राहते. शिशाचे ऑक्साइड जठरातील आम्लात काही प्रमाणात विरघळते व रक्तात जाते. पाऱ्याच्या बाबतीत पारा व गंधक एकत्र खलून कज्जली करतात. तिच्यापासून काचेच्या कुपीत, वाळूच्या यंत्रात मंद, मध्यम व तीव्र अग्नी देऊन रससिंदूर सिद्ध होतो. हे पाऱ्याचे सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. परंतु घोटण्यात कसूर होऊन पारा मोकळा राहिला, तर परिस्थिती अगदी पालटते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २००० ते २००३ या काळात पाच राज्यांत अशा औषधांशी संबंधित शिसेबाधेचे १२ रुग्ण नोंदविले. २००८ साली १९३ उत्पादनांच्या तपासणीत सुमारे एक पंचमांश उत्पादनांत हे धातू सापडले. या उत्पादनांत भारतात बनलेली होती, तशीच अमेरिकेत बनलेलीही होती.

या घटनांनंतर केंद्र शासनाने केवळ वनस्पतींपासून बनलेल्या आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. अशा औषधांत दहा लाख भागांमध्ये शिसे १०, सोमल ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग यांहून अधिक असता कामा नये. वनस्पतिज औषधात धातू येतो कोठून, असा प्रश्न पडेल. कधी तो जमिनीतून मुळांत येतो, कधी आदल्या दिवशी भस्म घोटलेल्या खलातून येतो. म्हणूनच भस्माचा विभाग वेगळा ठेवावयाचा असतो.

भस्मात मात्र धातू चुकून आलेला नसतो. तोच औषधाचा घटक असतो. त्यामुळे त्याला वरील मर्यादा लावता येत नाही आणि जबाबदारी कमी न होता वाढते. शास्त्रोक्त रीतीने बनविलेले औषध बाधत नाही, दोष कच्च्या औषधाचा असतो, असे अनेक वैद्य म्हणतात. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु हातातील डबी शास्त्रोक्त आहे की कच्ची, हे रुग्णाला कसे कळावे? शिवाय शिसे व पारा यांच्या बाबतीत विधी पाळला एवढा पुरावा पुरत नाही. औषध घेतलेल्या रुग्णांच्या रक्ताची, मूत्रपिंडाच्या कार्याची पद्धतशीर तपासणी करूनच त्याची सुरक्षितता ठरविता येईल. तसे करण्यात परंपरेचा अवमान नाही. ज्या आचार्यांनी चांदीचे वजन करून भस्म पारखले, त्यांच्याच मार्गावरचे ते पुढचे पाऊल आहे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांना भस्माची रासायनिक परीक्षा करावयाची नाही. त्यांनी लोकांना चार प्रश्न विचारण्याची सवय लावली तरी मोठे काम होईल. औषधावर नाव, घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत छापली आहे काय? ते नोंदणीकृत वैद्यांनी तपासून दिले आहे काय? मात्रा वजनात सांगितली आहे काय? आणि औषधाचे बिल मिळाले काय? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण भस्माची मात्रा गुंजेत मोजतात आणि एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम. 'चिमूटभर' हे माप प्रत्येकाच्या बोटांगणिक बदलते.

गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांना कोणतेही धातुयुक्त औषध परस्पर देऊ नये. अशक्तपणा वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पूर्वी भस्म घेतले असेल तर डॉक्टरांना ते न लाजता सांगावे. अशक्तपणा, पोटदुखी यांचे कारण शोधताना ही एक माहिती मोलाची ठरते. उरलेले औषध फेकून न देता डबीसह जवळ ठेवावे, म्हणजे त्याची तपासणी होऊ शकेल. बिननावाच्या पुड्या विकणारा आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास कळवावे. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून उभी राहिली आहे. आपल्या रुग्णात असा परिणाम दिसल्यास वैद्यांनी तो तेथे कळविणे हे त्यांच्या शास्त्राच्या हिताचेच आहे.

भस्मे सरसकट विष मानून टाकून देणे जसे अयोग्य, तसेच ती जुनी आहेत म्हणून डोळे मिटून घेणेही अयोग्य. शोधनापासून स्वांगशीत होईपर्यंत धीर धरणाऱ्या आणि त्यानंतरही परीक्षा घेतल्यावाचून औषध हातावेगळे न करणाऱ्या वैद्यांनी ही विद्या जोपासली. त्यांच्या बोटाची साक्ष, प्रयोगशाळेच्या यंत्राची साक्ष आणि नोंदवहीची साक्ष या तिन्ही जुळल्या, तरच ते चिमूटभर चूर्ण औषध म्हणून रुग्णाच्या हाती पडावे. तिन्हींपैकी एकही साक्ष नसलेली पुडी कितीही आपुलकीने दिलेली असली, तरी ती परत करण्यातच घराचे कल्याण आहे.